चंदननगरचं घुबडघर

रविवार, २ जानेवारी १९५५

नव्या वर्षाची पहिली नोंद रागाने सुरू होते आहे. काल लिहिण्यासारखं काही घडलं नाही, आणि उगाच पान भरणं मला पसंत नाही.

आज आम्ही चंदननगरला गेलो होतो. तिथे एका म्हाताऱ्याने स्वतःच्या घरात घुबडांचं संग्रहालय मांडलं आहे, असं लीनाला तिच्या वर्गातल्या मुलीने सांगितलं, आणि महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. "बाबा, आपण पेंचा बघायला कधी जाऊया?" तेरा वर्षांची झाली तरी ही मुलगी घुबडाला घुबड म्हणत नाही. मराठी शब्द आठवायला तिला नेहमी आत्याकडे, श्यामलाकडे, बघावं लागतं.

हावड्याहून सकाळची गाडी धरली. मी, प्रेमलता, लीना आणि माझी बहीण श्यामला. श्यामला येणार नव्हती. वाटायची डाळ भिजत घातली आहे म्हणाली. लीनाने तिला हात धरून ओढलं. नणंद-भावजय दोघींनी एकाच दिवशी घर सोडल्याचं मला तरी आठवत नाही.

घर नदीकाठच्या रस्त्यामागच्या गल्लीत आहे. फ्रेंच अमलातलं, हिरव्या झडपांचं, पडवीला जाडजूड खांब. फाटकाच्या दोन्ही बाजूंना मातीची दोन मोठी घुबडं. ती पाहताच प्रेमलता थांबली. "अहो, मी नाही बाई आत यायची. वर्षाचा दुसरा दिवस, आणि घुबडाचं तोंड बघू?" मी रस्त्यावरच तिला चार शब्द सुनावले. एका बी.एस्सी. झालेल्या माणसाच्या बायकोने पक्ष्याला भ्यावं! ती मागे वळली. नदीकाठच्या बाकावर भुईमुगाच्या शेंगा घेऊन जाऊन बसली. न्यायाने लिहायचं तर मी आवाज चढवायला नको होता. पण भोळसटपणा माझ्याने सोसवत नाही.

संग्रहालयाचे मालक तारापद सान्याल. वय अडुसष्ट, शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. दोन खोल्या घुबडांनी भरल्या आहेत. बर्दवानकडची लाल-पिवळी लाकडी घुबडं, पितळेची, शिंपल्यांची, घुबडाच्या आकाराचे अडकित्ते, आणि पेंढा भरलेले खरे पक्षी, त्यातल्या एकाचा डोळा शर्टाच्या बटणाचा. इथवर ठीक. राग आला तो चिठ्ठ्यांचा. एका चिठ्ठीवर लिहिलेलं, घुबडाला दिवसा दिसत नाही. दुसरीवर, त्याची मान पूर्ण गोल फिरते. तिसरीवर, पांढरं घुबड ज्या घरी राहतं त्या घरी लक्ष्मी नांदते, आणि हे वाक्य 'नैसर्गिक सवयी' या मथळ्याखाली! मी खिशातली वही काढून चुका टिपू लागलो. अकरा भरल्या.

बंदराच्या कचेरीत मी भरती-ओहोटीची कोष्टकं तपासतो. माझ्या नजरेतून एक चुकीचा आकडा सुटला तर नदीत बजबजच्या वळणावर जहाज गाळात बसेल. छापील अक्षराची जबाबदारी काय असते ते मला ठाऊक आहे. मी तसं सान्यालांना स्पष्ट सांगितलं.

ते हसले. "बाबू, लक्ष्मी नांदते की नाही, मी पाहिलेली नाही. पण घुबड असेल तिथे उंदीर नांदत नाहीत. भात वाचतो. भात म्हणजेच लक्ष्मी ना?"

युक्तिवाद चलाख होता, म्हणून मला जास्त राग आला.

निघताना श्यामला दिसेना. मागच्या खोलीत जमिनीवर बसली होती, पुढ्यात पितळी परात. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेली हाडं-केस यांची गोळी करून ओकून टाकतं. अशा शेकडो गोळ्या या गृहस्थाने तीस वर्षं काडेपेट्यांत जपून ठेवल्या आहेत. मोलकरणीच्या हातून तीन पेट्या सांडून त्यांतली हाडं एकत्र झाली होती. श्यामला ती बोटाच्या टोकाने निवडत होती, घरी तांदूळ निवडते तशी, परात किंचित तिरकी धरून.

"हे काय चाललंय?" मी म्हणालो.

"दादा, बघ, या चिमुकल्या कवट्यांत दोन जाती आहेत. उंदराला पुढे दोन दात, मग मोकळी जागा. हिला सलग अणकुचीदार दात आहेत. ही चिचुंद्री."

"तुला काय माहीत?"

"आपल्या कोठीतले उंदीर कोण पकडतं?"

सान्याल जाड भिंगाचा चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले होते. मला त्यांचं ते बघणं आवडलं नाही. आम्ही दुपारच्या गाडीने परतलो. गाडीत श्यामला एकटीच बोलत होती, हाडांबद्दल. प्रेमलता दुसरीकडे तोंड करून बसली होती.

मंगळवार, ४ जानेवारी

सान्यालांना इंग्रजीत पत्र लिहिलं. अकरा चुका, प्रत्येकीखाली योग्य माहिती. भाषा कडक पण सभ्य ठेवली. दोनदा वाचून टपालात टाकलं. समाधान वाटलं.

सोमवार, १० जानेवारी

उत्तर आलं. अकरापैकी चार चुका त्यांना मान्य. उरलेल्या सात माझ्या आहेत, असं त्यांनी ओळीने, नम्रपणे लिहिलं आहे. कचेरीतून परस्पर वाचनालयात जाऊन पुस्तकं काढून पाहिली. सातपैकी पाच बाबतींत ते बरोबर आहेत. हे इथे लिहून ठेवतो, कारण न लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल. पण ट्राममध्ये उभ्याने परत येताना माझे कान तापले होते.

खरा संताप पत्राच्या दुसऱ्या भागाचा. सान्यालांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो आहे. एका कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना त्यांच्या त्या काडेपेट्यांची यादी करून हवी आहे: कोणत्या गोळीत कोणत्या प्राण्याची किती हाडं. वर्ष-दीड वर्षाचं काम. कॉलेज मासिक पगार देईल. आणि सान्याल लिहितात, "आपल्या भगिनींसारखी नजर आणि हात मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. माझी पत्नी आणि मी दोघंच या घरात राहतो. आतल्या बाजूची एक खोली त्यांना देता येईल. आपण त्यांना विचारून कळवावं."

घुबडांच्या ओकाऱ्या निवडायला माझी बहीण परक्याच्या घरी राहील! एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न झालं, दोन वर्षांत टायफॉइडने नवरा गेला. अडतीस साली मी स्वतः जाऊन तिला इथे घेऊन आलो. सतरा वर्षांत तिला कधी उणं बोललो नाही. सगळं घर तिच्या हातात आहे. किल्ल्याही तिच्याकडेच असतात. तिला नोकरीची काय गरज?

पत्र भरतीच्या कोष्टकांच्या वहीत ठेवलं. लपवलं असं म्हणता येणार नाही. ती वही घरात दुसरं कोणी उघडत नाही, इतकंच.

बुधवार, १२ जानेवारी

श्यामला काटेरी हलवा करायला बसली आहे. पहाटे पाचला शेगडी पेटवते आणि परातीतल्या तिळांवर थेंब थेंब पाक सोडत हात फिरवत राहते. दर संक्रांतीला भवानीपुरातल्या सगळ्या मराठी घरांतून तिच्या हलव्याची वाहवा होते.

चहा देताना तिने विचारलं, "दादा, त्या बाबूंचं उत्तर आलं का रे?"

"आलं. चार चुका कबूल केल्या."

हे खरंच होतं. तरी दिवसभर कचेरीत आकडे दोनदा तपासावे लागले. अर्धं सांगणं म्हणजे खोटं सांगणं का? घरातल्या कर्त्या माणसाने एखाद्या गोष्टीचा आधी स्वतः विचार करायचा असतो. मी विचारच करतो आहे.

रविवार, १६ जानेवारी

आज आमच्याकडे हळदीकुंकू होतं. जे घडलं ते क्रमाने लिहितो.

चार वाजल्यापासून बायका येऊ लागल्या. पस्तीस तरी असतील. मी आतल्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो, दार अर्धवट उघडं. प्रेमलता पाटाशी, लीना अत्तरदाणी घेऊन. श्यामला स्वयंपाकघरात. ती अशा वेळी बाहेर येत नाही. तिला गर्दी आवडत नाही. लाडवांची आणि हलव्याची ताटं भरून ती दारापर्यंत आणते, तिथून लीना घेते.

पाचच्या सुमारास चंदननगरहून एक माणूस आला. टोपलीत पिठे, म्हणजे इकडचे संक्रांतीचे गोड पदार्थ, आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी. लीनाने सगळ्यांसमोर कागद सोडला. लाकडी घुबडांची जोडी, पिवळी जर्द, लाल काठाची.

सगळ्या माना तिकडे वळल्या. मग बँकेतल्या श्यामरावांच्या वृंदावहिनींचा आवाज आला. "अगं बाई! हळदीकुंकवाच्या दिवशी दारात घुबड! प्रेमलता, घरात आधीच काय कमी होतं म्हणून हे आणखी?"

कोणीतरी खोकलं. कोणीतरी म्हणालं, "वृंदावहिनी, पुरे." एक बांगडी वाजली. श्यामला स्वयंपाकघराच्या दारात हलव्याचं ताट धरून उभी होती.

मला राहवलं नाही. बायकांच्या समारंभात पुरुषाने जाऊ नये हे मला कळतं, पण मी सरळ बैठकीत गेलो. त्यांना म्हणालो, की घुबडासारखा शेतकऱ्याचा मित्र नाही. एक जोडी वर्षाला हजारभर उंदीर खाते. त्याचा आवाज, त्याचे डोळे, त्याचं रात्री उडणं, यात अशुभ असं काहीही नाही. बिचारा आपल्या कामात असतो, कोणाच्या वाटेला जात नाही, आणि आपण शिकलेसवरलेले लोक त्याला दारातून हाकलतो. दहा मिनिटं तरी बोललो असेन. बायका माना खाली घालून ऐकत होत्या. दोघी-तिघींना तरी माझं म्हणणं पटलं असावं. त्यांतल्या कमलताईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्याचं मला नवल वाटलं.

वृंदावहिनी म्हणाल्या, "भावोजी, मी काय घुबडाबद्दल बोलत होते?" आणि उठल्याच.

त्याच वेळी लीनाने टोपलीतली चिठ्ठी काढून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. बंगालीत होती, तिला घडघडा वाचता येतं. पौष संक्रांतीच्या शुभेच्छा, घरात लक्ष्मीचं वाहन असावं म्हणून ही जोडी, आणि, "आपल्या भगिनींच्या कामाबद्दल लिहिलेल्या पत्राचं उत्तर अजून मिळालं नाही. कॉलेजला महिनाअखेर कळवायचं आहे."

"बाबा, आत्याचं कसलं काम?" लीना म्हणाली.

श्यामलाने ताट खाली ठेवलं. बैठकीत आली. पस्तीस बायकांच्या मधून चालत आली, सतरा वर्षांत पहिल्यांदा. ती दोन घुबडं उचलून काखेत धरली आणि आपल्या खोलीत निघून गेली. कोणाकडे पाहिलं नाही.

सात वाजेपर्यंत घर रिकामं झालं. अर्धे लाडू तसेच उरले. प्रेमलता रडते आहे आणि तिच्या रडण्याचाही मला राग येतो आहे.

सोमवार, १७ जानेवारी

आज सकाळी कचेरीत जाण्याआधी श्यामला माझ्या टेबलाशी आली.

"दादा, माझं पत्र कुठे आहे?"

"पत्र मला आलं होतं."

"माझ्याबद्दल होतं ना?"

मी काढून दिलं. इंग्रजी तिला येत नाही. मलाच वाचून दाखवावं लागलं. "नजर आणि हात" या वाक्यापाशी माझा आवाज विनाकारण चिरकला.

"मी जाणार," ती म्हणाली.

"विचार कर. लोक काय म्हणतील? भावाने बहिणीला पोसलं नाही म्हणतील."

"काल लोक म्हणाले ते ऐकलंस ना?"

"त्यांना मी उत्तर दिलंच की!"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला तिला ओरडून विचारावंसं वाटलं, मी काय चुकलो? भर बैठकीत बायकांशी भांडलो तो कोणासाठी? विचारलंही. ती म्हणाली, "घुबडांसाठी, दादा." आणि पोळ्या लाटायला गेली.

कृतघ्नपणा असाच सुरू होतो. हा शब्द लिहिल्यावर पाच मिनिटं पेन खाली ठेवलं होतं. कठोर आहे. पण खोडत नाही.

शुक्रवार, २१ जानेवारी

घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. वेळच्या वेळी जेवण, वेळच्या वेळी चहा. कशातही खोट काढता येत नाही, हेच असह्य आहे.

प्रेमलता आज म्हणाली, "अहो, वन्सं गेल्या तर पहाटेचं पाणी, कोठी, लीनाच्या वेण्या, तुमचा पथ्याचा स्वयंपाक... मी एकटी काय काय बघू?" मला तिची लाज वाटली. एक माणूस घरातून जाणार, आणि हिला पाण्याची काळजी! माझा प्रश्न तसा नाही. माझा प्रश्न तत्त्वाचा आहे. कोणतं तत्त्व ते मांडायला बसलो, तर तीनदा वेगवेगळं मांडलं गेलं. उद्या पुन्हा बघतो.

रविवारी स्वतः चंदननगरला जाऊन त्या गृहस्थाला सरळ करतो.

रविवार, २३ जानेवारी

एकटाच गेलो. गाडीत मनात वाक्यं जुळवली होती. फाटकातून शिरताच ती सगळी सान्यालांच्या तोंडावर फेकली. "तुम्ही एका घरंदाज कुटुंबात भांडण लावलंत. आमच्या सणाच्या दिवशी असली भेट पाठवलीत. माझी बहीण नोकर नाही."

सान्याल म्हणाले, "आत या, पाणी प्या."

"पाणी नको."

"मग उभ्याने भांडा. मला उभ्याने भांडायला जमत नाही, गुडघे दुखतात." ते खुर्चीवर बसले. "लक्ष्मीचं वाहन पाठवलं, यात काय चुकलं ते सांगा. आमच्याकडे तर लग्नात देतात."

मी सांगितलं. आमच्याकडे घुबड अशुभ मानतात, घरात बायका जमल्या होत्या, त्यांनी नाही नाही ते ऐकवलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. "मला ठाऊक नव्हतं. माझी चूक. अकरांत ही बारावी लिहा." मग एकदम विचारलं, "दीदींना कोण काय बोललं?"

"त्यांना नाही. घुबडांना."

"घुबडांना? बायका घुबडांशी बोलल्या?"

आतून त्यांची पत्नी आली होती, पाठीत वाकलेली, हातात पानाचा डबा. त्या बंगालीत नवऱ्याला काहीतरी पुटपुटल्या. विधवा हा शब्द मला कळला. सान्याल माझ्याकडे बघत राहिले, आणि मला त्या खोलीतल्या सगळ्या काचेच्या डोळ्यांचा राग आला.

मी विषय बदलला. म्हणालो, तिचं शिक्षण नाही. कॉलेजच्या कामाला कशी पुरी पडेल?

ते मला मागच्या खोलीत घेऊन गेले. परात तशीच होती, वर जाळी झाकलेली. तिने निवडलेले हाडांचे ढीग वेगवेगळे, आणि शेजारी पुठ्ठ्यावर सान्यालांच्या वळणदार अक्षरात: निवड, श्रीमती श्यामला, २ जानेवारी १९५५. प्राध्यापक येऊन बघून गेले होते. एकही हाड इकडचं तिकडे नाही म्हणाले.

बाहेरच्या सगळ्या चिठ्ठ्यांत मला चुका सापडल्या होत्या. या चिठ्ठीत काही सापडेना.

"कॉलेजला एक कागद लागेल," सान्याल म्हणाले. "शिक्षण किती, काय काय काम येतं, किती वर्षं केलं. तुम्ही इतके काटेकोर आहात, तुम्हीच लिहून द्या."

"आणि मी नाही म्हणालो तर?"

आता त्यांचा आवाज चढला. म्हातारा माणूस गुडघ्यांचं दुखणं विसरून माझ्यासमोर ताठ उभा राहिला. "सबनीसबाबू, मी तुम्हाला लिहिलं होतं, त्यांना विचारून कळवा. विचारा, असं लिहिलं होतं. तुम्ही मला तीन आठवड्यांत सगळं सांगितलंत. त्या काय म्हणाल्या, तेवढं सांगितलं नाहीत!"

परतीच्या गाडीत बसायला जागा होती. तरी मी दारात उभा राहिलो.

शनिवार, २९ जानेवारी

श्यामला मंगळवारी जाणार. मी परवानगी दिली, असं लिहिणार होतो. पण तिने मागितली नव्हती.

आज दुपारी तो कागद लिहायला बसलो. कोणासाठीही कधी अतिशयोक्ती केली नाही, बहिणीसाठीही करणार नाही, असं ठरवून बसलो. पहिली ओळ, नाव. दुसरी, जन्मसाल, ते माहीत होतं. तिसरी, शिक्षण. तिथे अडलो. हाक मारली.

"श्यामला, तू शाळेत कितवीपर्यंत होतीस?"

"चौथी झाली होती."

"पुढे का नाही गेलीस? आपल्या वाईला तर मुलींची शाळा होती. तुझा तर नंबर येत असे." हे मला आठवत होतं, आणि आठवल्याचा थोडा अभिमानही वाटला.

ती हात पुसत दारात उभी होती. "तू पुण्याला कॉलेजात गेलास ना त्या वर्षी."

"मग?"

"विहिरीचं पाणी तू भरायचास. तू गेल्यावर कोण भरणार? आईचे हात तर तेव्हाच वाकडे झाले होते. अण्णा म्हणाले, हिला घरी ठेवा."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तू विचारलं नाहीस." तिने ते रागाने म्हटलं नाही. रागाने म्हटलं असतं तर मला काही बोलता आलं असतं.

"इतकी वर्षं तुला हे बोलायला काय झालं होतं?" मीच ओरडलो. लीना अभ्यास सोडून धावत आली. "माझी डिग्री भिंतीवर टांगलेली आहे! रोज तिच्यावरची धूळ तूच पुसतेस! तेव्हा काय वाटतं तुला?"

"काच आहे, दादा. पुसायला सोपी जाते."

ती आत गेली. लीना म्हणाली, "बाबा, तुम्ही आत्यावर का रागावता?" मी तिलाही रागावलो.

मग कागद पुरा केला. शिक्षण: मराठी चौथी. वाचन: मराठी, बंगाली (स्वतः शिकलेली). काम: इथे मी चार ओळी सोडल्या होत्या. सतरा वर्षांत ती काय काय करते ते आठवत गेलो, नुसतं खरं तेवढंच. चार ओळी पुरल्या नाहीत. दुसरा कागद घेतला. मला न आठवलेलं प्रेमलतेने स्वयंपाकघरातून सांगितलं, एकेक करून, आवाज न चढवता. तिसरा कागद घ्यावा लागला. अनुभव: अठ्ठावीस वर्षं, दहाव्या वर्षापासून. सही करताना खाली माझी पदवी लिहायची सवय आहे. आज लिहिली नाही. हाही एक प्रकारचा देखावाच झाला की काय, हे ठरवता येत नाही.

मंगळवार, १ फेब्रुवारी

श्यामला आज गेली.

एक पेटी, एक वळकटी. प्रेमलतेने तिच्या हातावर दही घातलं, आणि काहीतरी बोलायला गेली ते न बोलताच आत वळली. लीना बिलगून रडली आणि रडताना बंगालीत बोलत होती. श्यामलाने तिला बंगालीतच समजावलं. दर शनिवारी ये, म्हणाली, मी तुला कवट्या ओळखायला शिकवते.

मी हावड्यापर्यंत गेलो. ती म्हणत होती, मला गाडी माहीत आहे. तरी गेलो. बायकांच्या डब्यात खिडकीजवळ जागा मिळाली. समोरच्या बाईने विचारलं, कुठे? माहेरी का? श्यामला म्हणाली, "कामावर."

मी खिडकीशी उभा राहून सूचना देत होतो. उकळलेलं पाणी पी. डोळ्यांना ताण देऊ नको. पत्र टाक. त्या बाबूंच्या चिठ्ठ्यांतल्या चार चुका त्यांनी कबूल केल्या आहेत, त्या दुरुस्त झाल्या का बघ. ती मान हलवत होती. तीन कागद तिने पदराला गाठ मारावी तसे रुमालात बांधून मांडीवर ठेवले होते.

शिट्टी झाली. ती म्हणाली, "जाते, दादा."

मला काय झालं ते नीट लिहितो. मी शुभ-अशुभ मानत नाही. कधी मानलं नाही. माणूस निघताना कोणता शब्द बोलतो त्याने काही होत नाही, हे मी लीनाला कितीदा सांगितलं असेल. आणि मी चालत्या गाडीबरोबर पळत ओरडत होतो, "जाते काय म्हणतेस? जाते म्हणू नये! येते म्हण! श्यामला, येते म्हण!" फलाटावरचे हमाल थांबून बघत होते. एका बाईने मुलाला बाजूला ओढलं. माझा चष्मा नाकावरून घसरला.

श्यामला खिडकीतून माझ्याकडे बघत होती. तिला ऐकू येत होतं. हातभर अंतर होतं. ती रागावलेली नव्हती. मी आणखी एकदा ओरडलो. ती बोलली नाही. फलाट संपला.

घरी आलो तर प्रेमलता दारातच उभी होती. हात पिठाचे. "निघताना काय म्हणाल्या वन्सं?"

"येते म्हणाली," मी सांगितलं.